हलगीला शेवटची ओळ नसते



बीडात एका खोलीत भीमगीतांचा अल्बम झाला. पाच गाणी माझी. दिवसा जिनिंगात सरकीची धूळ खायची, रात्री शब्द जुळवायचे, असे ते जुळलेले. खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला. बाहेर अवकाळी भुरभूर. हलगीचं कातडं सैल पडलं, तर आत जाळ पेटवू देईनात. मग वस्तीतल्या मामांनी समोरच्या टपरीच्या स्टोवर हलगी शेकली आणि वाजवली. अशी वाजवली की गाणारा गायचं विसरला.

कीबोर्डवाल्यानं सोळा मात्रा उचलल्या. म्हणाला, "बास मामा, झालं." त्याच सोळा मात्रा मशीननं पाचही गाण्यांत फिरवल्या. मामांच्या हातात पाचशे रुपये.

१४ एप्रिलला अल्बम मोबाईलवर आला. माझं नाव ठळक. गायकाचं नाव. पैसे देणाऱ्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. मामा म्हणाले, "लेका, माझं कुठंय रं?" मी म्हणालो, पुढच्या बारीला टाकू. थाप मारली. म्हणून हे लिहितोय.

आता आपलेच काही शहाणे सांगतात : हलगी ही गुलामीची खूण, तिचं कौतुक कशाला? बरोबर. बाबासाहेबांच्या चळवळीत कितीक गावांत आपल्या माणसांनी गावकीची वाजंत्री फेकून दिली. लाथ मारली. पण फेकलं काय? बोलावलं की जायचं, दिलं ते घ्यायचं, नाव विचारायचं नाही, ही वेठ फेकली. मग त्या स्पंजाच्या खोलीत येगळं काय झालं? पाटलाच्या वाड्यापुढची वेठ आपण निळ्या झेंड्याखाली आणली, एवढंच.

वामनदादा कर्डकांनी गाण्याच्या शेवटी आपलं नाव गुंफलं. चोरणाऱ्याला ते काढताना घाम फुटायचा. हलगीला अशी शेवटची ओळ नसते. ढोलकीला नसते, संबळाला नसते. त्यांचं नाव आपण लिहिलं तरच राहतं.

आणि लिहिता येतं. लांब जायला नको. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात आपल्या आयाबायांच्या जात्यावरच्या ओव्या टेप झाल्या. बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या त्या कामात लाखावर ओव्या जमल्या. २०१७ पासून त्या लोकांपुढं आल्या, तेव्हा गाणारणीचं नाव, गाव, सगळं सोबत. जात्यावर दळणाऱ्या बाईचं नाव राहतं आणि भीमजयंतीच्या अल्बममध्ये वाजवणाऱ्याचं राहत नाही? लाज कुणाला वाटावी?

कायदाही आहे. १९५७च्या कॉपीराईट कायद्यात २०१२ साली कलमं वाढवली. ३८ बी म्हणतं, कला सादर करणाऱ्याला ती आपली म्हणून ओळखली जाण्याचा हक्क आहे. ३८ ए म्हणतं, त्या सादरीकरणाचा धंदा झाला तर त्याला रॉयल्टी. पण कलम आपल्या पायानं वस्तीत येत नसतं.

अमेरिकेत वादकांच्या युनियननं १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंगच बंद पाडलं. तबकडी एकदा भरायची, ती हजारदा वाजायची आणि वादक मात्र बेकार, हे त्यांना कळलं होतं. मोठ्या कंपन्या १९४४च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या, मग वाकल्या. रेकॉर्डींमागं युनियनच्या निधीत पैसे पडू लागले, त्यातून वादकांना काम मिळालं. मिलवाल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. १९८२चा मुंबईचा संप हरला, पण एकट्यानं मागितलं की भीक आणि मिळून मागितलं की हक्क, हे तो शिकवून गेला.

म्हणून कवींना, गायकांना, मंडळांना माझं रोखठोक सांगणं. साथदाराचं नाव गायकाच्या नावाखाली, त्याच अक्षरात. पैसे ठरवायचे ते वाजवण्याआधी, कागदावर. एकदा वाजवलेलं दुसऱ्या गाण्यात फिरवलं, तर त्याचे वेगळे पैसे. हे मान्य नसेल त्या अल्बमला कवीनं शब्द देऊ नये.

मी देणार नाही. आधीच्या पाच गाण्यांवर मामांचं नाव चढेपर्यंत सहावं गाणं माझ्या खिशात राहील. मला भित्रा म्हणा, हट्टी म्हणा. पण मामांपुढनं जाताना मला मान खाली घालायची नाही.

जय भीम.