सायकल नको सोडू, बैठक बदला

मान दुखते, हात बधिर होतात? मग सायकल सोडा. शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत हा सोपा सल्ला मीही अनेकांना दिला. पन्नाशीनंतर दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत माझ्याच करंगळ्या बधिर झाल्या, तेव्हा तो मला स्वतःला पचेना.

साध्या सायकलवर पुढे वाकल्याने भार तळहातांवर आणि अरुंद सीटवर येतो. मनगटाजवळ अल्नर नस दाबली गेली की करंगळी बधिर होते. रिकम्बंट सायकलवर आरामखुर्चीसारखे रेलून, पाय पुढे करून पेडल मारायचे. भार पाठीवर आणि नितंबांवर पसरतो. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर यांनी अशाच सायकलवर तासाभराच्या अंतराचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला शर्यतींतून बाद केले. ब्रेव्हे मात्र शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत २०० किमी पूर्ण करायचे, इतकेच. तिथे ही सायकल चालते.

यंदा मी ते अंतर रेलून पूर्ण केले. हात, मान शाबूत राहिले. पण घाटात पेडलवर उभे राहता येत नाही. हलका गिअर टाकून दम धरावा लागतो. पाय उंचावर असल्याने तळवे बधिर होतात, पाठ टेकवून जोर केला तर गुडघे दुखतात. म्हणून काही महिने सराव हवा. बैठक खाली असल्याने ट्रकचालकाला दिसावे म्हणून उंच झेंडा आणि दिवेही हवेत.

बधिरपणा टिकला किंवा पकड सैल झाली तर जरूर तपासून घ्या. आम्हीही 'सायकल सोडा' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: बसता कसे?