हात कच्चा की पद्धत कच्ची?

कर्जतहून पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाट चढू लागली की एकामागून एक बोगदे लागतात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या लोहमार्गासाठी २५ बोगदे खणावे लागले. कर्जत-खालापूरच्या मुलांना ते परिचयाचेच आहेत. पण एखादा बोगदा दोन्ही तोंडांनी खणत आणला, तर मध्ये गाठ नेमकी कशी पडते? एकमेकांकडे पाहून नव्हे, कारण मध्ये डोंगर असतो. दोन्हीकडची मापे आधी आखलेल्या एकाच रेषेवरून घेतात, म्हणून.

दोन्ही बाजूंना तांबे असलेला सर्किट बोर्ड घरी करताना हीच अडचण येते. पुष्कळ मुले आकृतीचे छापील कागद बोर्डाच्या कडेला अंदाजाने जुळवतात आणि इस्त्री फिरवतात. नंतर भोक पाडले की ते खालच्या चकतीबाहेर निघते. मग शेरा मिळतो, "हात कच्चा आहे!" मला हे मान्य नाही. कच्ची असते ती पद्धत.

हिशेब करा. चकती १.८ मिमी, भोक ०.८ मिमी, भोवती तांब्याचे कडे उरते अवघे ०.५ मिमी. आकृती तेवढी सरकली की कडे तुटले! इतकी बारीक चूक नुसत्या नजरेने कशी टळणार?

म्हणून आधी बोर्डाला दोन बारीक भोके आरपार पाडावीत आणि दोन्ही कागदांवरच्या खुणा टाचण्यांनी त्याच भोकांवर बसवाव्यात. कागद चिकटपट्टीने पक्के झाले की टाचण्या काढून मग इस्त्री. भोके समोरासमोरच्या कोपऱ्यांत हवीत. ती २० मिमी अंतरावर असली आणि ०.१ मिमी चूक झाली, तर १०० मिमीवर ती ०.५ मिमी होते. ड्रिलही सरळ उभे धरा. १.६ मिमी जाडीच्या बोर्डात १० अंश कलले, तर भोक खाली सुमारे ०.२८ मिमी सरकते.

कोणी म्हणेल, बोर्ड तयार करून मिळतात, मग ही यातायात कशाला? पण कारखान्यांतही बाजू जुळवायला अशीच भोके आणि खुणा लागतात.

तेव्हा फसलेला बोर्ड फेकू नका, मोजा. सगळी भोके एकाच दिशेला सारखी हुकली असतील, तर कागद सरकला. एका टोकाकडून दुसरीकडे चूक वाढत गेली असेल, तर कागद फिरला किंवा छपाईचे माप चुकले. "हात कच्चा" म्हटल्याने मुलगा खचतो. चूक मोजायला शिकवले, तर पुढचा बोर्ड जुळतो.