स्वरांची मालकी

दीर्घ मौनानंतर एखादा कलावंत परतला की त्याच्या प्रतिभेचे कौतुक होते. पण इतकी वर्षे तो गप्प का होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकन रॉक गायक जॉन फॉगर्टी याची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या कॅलिफोर्नियातील वाद्यवृंदाचा तो गायक आणि प्रमुख गीतकार. १९७२ मध्ये वृंद फुटला. गाण्यांचे हक्क मात्र उमेदीच्या काळातील करारान्वये ‘फँटसी’ कंपनीकडे गेले होते आणि आणखी ध्वनिमुद्रिका देण्याचे बंधन फॉगर्टीच्या मानेवर होते. १९८० मध्ये जुन्या गाण्यांच्या स्वामित्वधनावर पाणी सोडून त्याने सुटका करून घेतली. सावकाराच्या वहीतून नाव कमी व्हावे म्हणून शेतच लिहून द्यावे, तसा हा व्यवहार!

दहा वर्षांच्या खंडानंतर, जानेवारी १९८५ मध्ये त्याची ‘सेंटरफील्ड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. सारी वाद्ये त्याने एकट्याने वाजविली होती. ती अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचली. तोच कंपनीने दावा लावला. नव्या मुद्रिकेतील एक गीत १९७० च्या जुन्या गीताची नक्कल आहे, असा आरोप होता. जुने गीतही फॉगर्टीचेच होते! १९८८ मध्ये त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून आपली शैली उलगडून दाखविली व ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांच्या खर्चाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जिंकणारा वादी असो वा प्रतिवादी, खर्च देताना दोघांना एकच निकष लावावा, असा निर्णय १९९४ मध्ये झाला.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. अनेक मुद्रिका तोट्यात जातात, थोड्याच नफा देतात. ती जोखीम भांडवल पत्करते. पण जोखमीच्या मोबदल्यालाही मर्यादा हवी. होतकरू गायकापुढे एकच दार असते, कंपनीच्या दारात शंभर गायक उभे असतात. अशा स्थितीतील सही कायद्याने स्वेच्छेची ठरते. बरोबरीची ठरत नाही.

म्हणूनच आपल्याकडील २०१२ ची स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्ती महत्त्वाची वाटते. चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा आता करारानेही सोडून देता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आग्रह धरला होता. दुर्बल पक्षाला स्वतःच्याच सहीपासून वाचविणे हे व्यवहारस्वातंत्र्यावर आक्रमण नव्हे. ते स्वातंत्र्य खरे होण्याची ती पूर्वअट आहे. मात्र हा हक्क त्या मंडळींना ठाऊक हवा आणि वसुलीची यंत्रणाही चोख हवी.

फॉगर्टीला आपल्या जुन्या गीतांच्या प्रकाशनहक्कांतील बहुसंख्य वाटा मिळाला तो २०२३ मध्ये, सत्याहत्तराव्या वर्षी. त्याला आयुष्य पुरले. ज्यांना पुरत नाही, त्यांच्यासाठी कायदा असतो.