लवकरच येत आहे

व्हिडिओ गेम्सच्या बातम्या वाचायची मला जुनी खोड आहे. खेळणं वयानुसार कमी होत गेलं, वाचणं मात्र सुटलं नाही. लोक चहाबरोबर पेपर वाचतात, मी येऊ घातलेल्या गेम्सची खबर घेतो. कुठला कधी येतोय, कोणाचा ट्रेलर आला, कोणी काय जाहीर केलं वगैरे. आणि इतकी वर्षं हे वाचून माझं एक ठाम मत झालंय ते आज सांगून टाकतो. या सगळ्या पसाऱ्यात खरी बातमी एकच असते, "गेम पुढे ढकलला" ही. बाकीची जाहिरात.

(नातेवाईक मंडळींसाठी खुलासा: कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा तो डबा. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो वगैरे. ज्यांच्या घरी तो आहे त्यांना सांगायला नको, ज्यांच्या घरी नाही त्यांनी असंच सुखात राहावं.)

आता हे प्रिव्ह्यू प्रकरण शिजतं कसं ते बघा. गेम असतो अर्धाकच्चा. पण मोठ्या मेळाव्यात काहीतरी दाखवायचं तर असतंच. मग टीममधली माणसं हातातलं काम बाजूला ठेवून दहा-पंधरा मिनिटांचा एक तुकडा घासूनपुसून लखलखीत करतात. त्या धंद्यात याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात, म्हणजे केकचा उभा काप. सगळे थर दिसतात, क्रीम दिसतं, वरची चेरी दिसते. उरलेला केक अजून भट्टीत गेलेलाच नसतो. हा काप पत्रकारांना बंद खोलीत दाखवतात. कधी त्यांना खेळायला देतात, पुष्कळदा कंपनीचाच माणूस खेळतो आणि हे बघत बसतात. वर कबूल करून घेतात की अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही. म्हणून तर जगभरातल्या पन्नास ठिकाणी एकाच मिनिटाला सारखाच उत्साह उफाळून येतो!

फ्लॅट घेतलेल्या कोणालाही यात नवल वाटू नये. सँपल फ्लॅट आठवा. बेडरूम मोठी दिसावी म्हणून बेतानं केलेला पलंग, भिंतभर आरसा, कपाट नाहीच. पण सँपल फ्लॅट बघून आल्यावर कोणी "आम्ही पाहिलेला बाणेरचा टू-बीएचके, एक पहिली झलक" अशी बातमी छापत नाही. आणि बिल्डरनं माहितीपत्रकात खोटं दाखवलं तर २०१६ च्या रेरा कायद्यात बारावं कलम आहे, त्याखाली भरपाई मागता येते. गेमसाठी वेगळा रेरा कोणी केलेला नाही. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एक संस्था आहे. २०१३ मध्ये 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'बद्दल तिच्याकडे तक्रार गेली, दाखवलेलं चित्रण आणि हातात आलेला गेम यांत फारच अंतर होतं म्हणून. तेव्हा सेगा कंपनीनं कबूल केलं की चित्रणावर तशी सूचना हवी होती. झालं. तेव्हापासून ट्रेलरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं दिसलं की मला बिल्डरच्या जाहिरातीतलं 'चित्र केवळ कल्पनेसाठी' आठवतं.

उदाहरणं किती द्यावीत! मे २००५, लॉस एंजेलिसचा ई-थ्री मेळा. सोनीनं प्लेस्टेशन ३ जाहीर केलं आणि त्यावर 'किलझोन'चा पुढचा भाग असा दिसेल म्हणून जे दाखवलं त्यानं लोकांचे डोळे दिपले. ते खेळातलं दृश्य नव्हतंच, आधीच तयार केलेलं ॲनिमेशन होतं. गेम आला फेब्रुवारी २००९ मध्ये. चांगला होता हो, पण मधली चार वर्षं लोक त्या फितीवर भांडत बसले. २०१२ च्या मेळ्यातला 'वॉच डॉग्ज' आणि २०१४ मध्ये घरी आलेला 'वॉच डॉग्ज' शेजारी शेजारी लावून बघा, पाऊस आणि वारा दोन्ही ओसरलेले दिसतील.

पण माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'सायबरपंक २०७७'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा हा गेम २०१२ मध्ये जाहीर झाला. जून २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मंचावर साक्षात कियानू रीव्ह्ज अवतरले आणि तारीख सांगितली, १६ एप्रिल २०२०. टाळ्या, किंकाळ्या, सगळं. मग जानेवारी २०२० मध्ये पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत एक पत्रक आलं, आता १७ सप्टेंबर. जूनमध्ये दुसरं पिवळं पत्रक, १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळलं की गेम 'गोल्ड' झाला, म्हणजे डिस्क छापायला गेल्या. आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला तिसरं पिवळं पत्रक, १० डिसेंबर.

लोक संतापले. गेम बनवणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. खेळाची तारीख तीन आठवडे सरकली म्हणून!

पुढचं माहीतच असेल. गेम यायच्या आधीच ८० लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. परीक्षण करणाऱ्यांना फक्त कॉम्प्युटरवरची प्रत दिलेली होती, आणि त्यावरचंही स्वतःचं चित्रण दाखवायला बंदी, कंपनीचंच वापरायचं. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर काय अवस्था आहे ते लोकांना पैसे दिल्यावर कळलं. चित्र अडखळतंय, माणसं हवेत लटकतायत, मध्येच सगळं बंद पडतंय. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत विक्रीला लागला जून २०२१ मध्ये.

आता मला सांगा, त्या दोन वर्षांत आपल्याला खरी माहिती कोणी दिली? कियानूंनी? ट्रेलरनी? "आम्ही चार तास खेळून पाहिला" वाल्यांनी? छे. ती त्या तीन पिवळ्या पत्रकांत होती. गेम तयार नाहीये, अजूनही नाहीये, छापून झाला तरी नाहीये. कंपनी स्वतः तीनदा सांगत होती आणि आपण प्रत्येक वेळी तिलाच शिव्या घालत होतो. मला हे फार गमतीशीर आणि थोडं भीतीदायक वाटतं.

बरं, ही एकट्या सायबरपंकची गोष्ट नाही. 'नो मॅन्स स्काय' या गेमची तारीख जूनवरून ऑगस्टवर जाणार अशी बातमी मे २०१६ मध्ये 'कोटाकू'च्या जेसन श्रायर यांनी दिली. बातमी शंभर टक्के खरी निघाली. आणि श्रायर यांनाच धमक्या आल्या! गेमच्या कर्त्याला, शॉन मरे यांनाही आल्याच. त्याच कोटाकूनं नोव्हेंबर २०१५ मध्ये उघडपणे लिहिलं होतं की बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या दोन मोठ्या कंपन्यांनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलंय. का, तर यांनी गेम्सची माहिती कंपनीच्या आधी छापली. म्हणजे जो दिलेला काप चाखून वाहवा करतो त्याला पुढच्या वेळचं आमंत्रण, आणि जो स्वयंपाकघरात डोकावतो त्याला दार बंद. अशानं वाचकाच्या ताटात काय पडणार ते उघड आहे.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचे भाचेराव. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये 'जीटीए ५' आला तेव्हा हे महाशय मोठ्या शिशूत होते. पुढच्या भागाचा पहिला ट्रेलर आला डिसेंबर २०२३ मध्ये, तेव्हा दहावीला. पहिल्या २४ तासांत तो ९ कोटींहून जास्त वेळा बघितला गेला, त्यातले निदान तीस वेळा आमच्याकडचेच असावेत. त्यात लिहिलं होतं २०२५. मग मे २०२५ मध्ये सांगितलं, २६ मे २०२६. यावर भाचा खूश! बारावीची परीक्षा, मग सीईटी, आणि लगेच गेम. जणू कंपनीनं महाराष्ट्र बोर्डाचं वेळापत्रक बघूनच तारीख काढली.

त्या दिवाळीत आजी-आजोबांकडून मिळालेल्या पैशांतले हजार रुपये त्यानं एका दुकानात 'टोकन' म्हणून भरले. गेमची किंमत जाहीर नाही, कंपनीनं आगाऊ नोंदणी सुरू केलेली नाही, आणि दुकानदार वहीत नाव लिहून पैसे घेतोय. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. (ताई, तू हे वाचणारच आहेस म्हणून सांगतो, मला हे नंतर कळलं. आणि हो, त्याला अठरा पूर्ण झालीत, मी विचारून घेतलं.) दिवाळी होऊन तीन आठवडे नाही झाले तोच ६ नोव्हेंबरला दुसरं पत्रक निघालं, १९ नोव्हेंबर २०२६. भाचा दोन दिवस जेवला नाही नीट. आणि त्याचा सगळा राग कोणावर, तर गेम बनवणाऱ्यांवर. "आळशी आहेत साले." दुकानदारावर एक अक्षर नाही!

माझं आणि त्याचं खरं भांडण इथे आहे. त्यानं गेम खेळण्याबद्दल माझी तक्रार नाही, ती त्याच्या आईची आहे आणि ती समर्थ आहे. वाट बघण्याबद्दलही नाही. माझा एक ब्लॉगमित्र म्हणतो की वाट बघण्यातच अर्धी मजा असते, ट्रेलरचा एकेक कोपरा न्याहाळत मित्रांशी तासन् तास वाद घालायचे, हा सुद्धा एक खेळच आहे. शंभर टक्के मान्य. आम्हीही केलंय. पण या खेळाला तिकीट नाहीये रे. फुकट आहे तो. त्याला हजार रुपयांचं टोकन कशाला जोडायचं? आणि मुख्य म्हणजे, जो माणूस सांगतोय की अजून झालं नाही, थांबा, त्याच्यावर दात-ओठ खाऊन काय मिळणार? पुढे ढकलल्याचं पत्रक काढताना कंपनीचा फायदा काहीच नसतो. शेअर पडतो, शिव्या मिळतात. तरी काढतात, म्हणजे त्यात तथ्य असणार.

निन्टेंडोनं २०१७ मध्ये 'मेट्रॉइड प्राइम ४' जाहीर केला, नुसतं नाव आणि बोधचिन्ह दाखवून. खरं तर हा आगाऊपणाच. पण जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे शिन्या ताकाहाशी कॅमेऱ्यासमोर बसले आणि सरळ सांगितलं की काम आमच्या अपेक्षेला उतरलं नाही, आम्ही नव्यानं सुरुवात करतोय. ना संगीत, ना स्फोट. गेम आला ४ डिसेंबर २०२५ ला. जाहीर झाल्यापासून साडेआठ वर्षं! मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात चांगला प्रिव्ह्यू तोच, ताकाहाशींचा.

आणि खरंच काही दाखवायचंच असेल तर डेमो द्या की. पूर्वी मासिकांबरोबर सीडी यायची, तिच्यात एक-दोन लेव्हल खेळता यायच्या. मिठाईवाला बर्फीचा तुकडा हातावर ठेवतो तसं. आवडलं तर घ्या. 'फायनल फँटसी १६'चा डेमो जून २०२३ मध्ये आला, त्यात खेळलेलं पुढे पूर्ण गेममध्ये तसंच चालू ठेवता येत होतं. हा प्रामाणिकपणा झाला. (डेमो दिला की गेम येतोच असंही नाही म्हणा. २०१४ मध्ये 'पी.टी.' नावाचा अफाट डेमो आला, ज्याचा तो होता तो गेमच पुढच्या वर्षी रद्द झाला.) आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला तेव्हाची पद्धतही मला आवडली. १८ ऑगस्ट २०२०, निन्टेंडोचा कार्यक्रम चालू, पडद्यावर 'राजी' दिसतो, आणि सांगतात की निन्टेंडो स्विचवर आजपासून मिळेल. कार्यक्रम बघता बघता विकत घ्या आणि खेळा.

असो. डिसेंबरमध्ये मी भाच्याबरोबर त्या दुकानात गेलो. पैसे परत मिळत नाहीत म्हणे, वहीत तसं लिहिलंय. वहीत तसं काहीच लिहिलेलं नव्हतं, पण गल्ल्यावरच्या माणसाशी अर्धा तास हुज्जत घातल्यावर एवढं कबूल झालं की हजारात बसेल असं दुसरं काहीतरी न्या. भाच्यानं जुन्या डिस्कचा खोका उपसला आणि प्लेस्टेशन ५ ची एक डिस्क काढली. सायबरपंक २०७७. पाच वर्षांत दुरुस्त होत होत आलेली, वापरलेली, नऊशे रुपये. उरलेल्या शंभराचं त्यानं सुटं मागितलं आणि मिळवलंसुद्धा.

रविवारी फोन आला, "मामा, भारी आहे रे हा! तेव्हा लोक एवढे का ओरडत होते?"