जालन्याचे बियाणे आणि आजची स्टार्टअप



'स्टार्टअप' हा शब्द आता जिल्ह्याच्या गावी पोचला आहे. मोबाईलवर फवारणीचा सल्ला, भाड्याचे ड्रोन, घरपोच बियाणे. त्यात वावगे काही नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढली, तेव्हा तीही अशीच नवी होती. संकरित वाण कोरडवाहू रानात रुजले, ते शेतकऱ्याने पदरचा पैसा घालून पेरून पाहिले म्हणून. २००२ साली बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली. पण २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटीला जुमानले नाही. बोंडे सडली ती आपल्याच रानात.

तंत्रज्ञान आम्हाला हवेच. सरकारने ते अडवू नये. पण प्रयोग आमच्या रानात आणि धोकाही आमच्याच माथी, हा सौदा मान्य नाही. नव्या कंपनीचा माणूस बांधावर आला की विचारा: कोरडवाहू रानात चाचणी कुठे घेतली? एकरी खर्च किती वाढेल, हाती किती उरेल? फसले तर भरपाई लेखी देणार का? उत्तरे लिहून घ्या, जिल्हा बैठकीत मांडा. जो उत्तरे देणार नाही, त्याचा माल गावाने घेऊ नये.