अशक्त की वेडी? घर मात्र नामानिराळे



परतूरच्या कोणत्याही दवाखान्याच्या ओसरीवर तासभर बसून पाहा. खेड्यांतून आलेल्या बायका रांगेत असतात. काय होतंय, म्हणून विचारले की बाई सांगते, "अंग गळून गेल्यावानी झालंय. झोप येईना. जीव घाबरा व्हतोय. पांढरं जातंय." सलाईन लागते, लाल गोळ्या मिळतात, मजुरीचे पैसे जातात. पंधरा दिवसांनी तीच बाई त्याच बाकावर. मग सासू म्हणते, "हिला बाहेरचं लागलंय." उतारे होतात. तेवढ्यानेही भागले नाही की शिक्का बसतो : वेडी.

अशक्त नाहीतर वेडी. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला कारणे आहेत, हे तिसरे बोलणे कुणी काढतच नाही. दोष बाईच्या रक्तात निघाला किंवा डोक्यात, तर घराला काही विचारावे लागत नाही!

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'पांढरं जाणं' या तक्रारीचाच माग काढला. सुमारे अडीच हजार बायकांच्या त्या अभ्यासात तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या आणि संसाराच्या त्रासाशी अधिक घट्ट निघाले. (संसर्ग तपासायचाच नाही, असा अर्थ कुणी काढू नये.) त्यांनीच २००२ साली बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २७० जणींपैकी २३ टक्के बायकांना बाळंतपणानंतर दोन महिन्यांच्या आत नैराश्य आलेले होते. कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली हेही होते. आता सांगा, हा आजार फक्त मेंदूचा म्हणायचा का?

शरीराचा भाग असतोच. आनुवंशिकता असते, थायरॉईड असते. पण शरीरावरही कुणाचा तरी कोयता चालतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीमुळे खाडा नको, मुकादमाचा दंड नको, म्हणून! पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तरुणपणीच पाळी कायमची जाते आणि नैराश्याचा धोका वाढतो. ती बाई फडात बसून विनाकारण रडते, तेव्हा तिला 'नाटकी' म्हणतात.

मेल्यावरची मोजणीही पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या आकड्यांत आत्महत्या केलेले पुरुष शेतकरी ५,१०७ आणि स्त्रिया २११. गृहिणी मात्र २३,१७८. यातल्या किती जणी जन्मभर कापूस वेचत होत्या, ते त्या रकान्यात कुठून दिसणार? सातबारावर नाव नसलेली बाई मेल्यावरही शेतकरी होत नाही.

आता थोडे आपल्याकडे वळू. आपण बाईला विचारतो, मारतो का? दारू पितो का? झोप लागते का, जगावेसे वाटते का, हे आपल्यापैकी किती जणी विचारतात? मीही वर्षानुवर्षे विचारले नाही. 'डिप्रेशन हे शहरी बायकांचे चोचले' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्या आपल्यातच आहेत. गोळ्या म्हणजे बाईला गप्प करण्याचा डाव, असे म्हणणाऱ्याही आहेत. पहिले साफ खोटे आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण अर्धेच. नवऱ्याचा हात न थांबवता नुसत्या गोळ्या देणे हा अन्यायच. पण दोन आठवडे जिला अन्न गोड लागत नाही, जिच्या मनात मरणाचा विचार येतो, तिला "लढ, बाई" म्हणून मोर्च्यात उभी करणे हाही अन्यायच. औषधांनी अनेकींना उतार पडतो. ती मागणे हा तिचा हक्क आहे.

पण तो हक्क बजावायचा कुठे? राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही.

दवाखान्याचा कागद नवऱ्याच्या हाती लागला की तो काडीमोडाचा पुरावा होतो, ही भीती खोटी नाही. म्हणूनच कायदा पाठ असू द्या. आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितले आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कुणाला आज मनोरुग्ण ठरवता येत नाही. याच कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरून चालायचे आहे. तेव्हा तिला चौकीत दरडावणाऱ्या हवालदाराला कलम ११५ दाखवा.

टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २०२२पासून सुरू आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. अडचण एवढीच की कितीतरी घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून बैठकीच्या दिवशी एक फोन मोकळा ठेवू या. ती आत बोलत असेल तोवर बाकीच्यांनी ओट्यावर बसावे, आणि तिच्या सासूलाही तिथेच बोलण्यात गुंतवावे.