कॅमेरा कोर्टाच्या आत आणा



१२ जून २०१८ ला बदनामीच्या खटल्यात राहुल गांधी भिवंडीच्या कोर्टात आले, तेव्हा बाहेर कॅमेऱ्यांची ही झुंबड. लूमवरची पोरं, गोदामातले हमाल, झोपडपट्टीतल्या बाया वर्षानुवर्षं तिथंच तारखा खातात. त्यांच्याकडं कोण बघतो?

म्हणतात, कोर्ट सगळ्यांना उघडं आहे. असेल. पण आत बसायचं तर दिवसाची हजेरी बुडते, आणि आत जे बोलतात ते निम्मं कळत नाही. मी गोदीत माल उचलतो, कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. एवढं कळतं की एकट्याच्या मोजणीवर कुठलाच व्यापारी भरवसा ठेवत नाही. मग आमच्या रक्ताची मोजणी एकट्यानं का व्हावी?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगेंच्या घरातली चार माणसं मारली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटी नाही म्हणाले. २०१० मध्ये हायकोर्टानं फाशीची २५ वर्षं केली. जात तेव्हाही दिसली नाही! साक्षीदाराला कुठला प्रश्न विचारला, कुठला गिळला? आपल्या हातात फक्त निकालाचा कागद.

आता कायदा बदललाय. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आलं, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. पोटकलम १० सांगतं : सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण करायचं. मेहेरबानी नाही, हुकूम आहे. तरी २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली आणि आरोपींच्या जामिनाचं प्रकरण मुंबई हायकोर्टात आलं, तेव्हा चित्रण करा म्हणून न्यायमूर्तींना वेगळा आदेश काढावा लागला. कायदा लागू होऊन साडेतीन वर्षं झाली होती. झोपले होते काय सगळे?

साहेब लोक म्हणतात, कॅमेरा आला की वकील नाटक करतील, साक्षीदार घाबरतील. साक्षीदार कॅमेऱ्याला नाही, गावातल्या पाटलाला घाबरतो. त्याचा चेहरा झाका, बाईचं नाव लपवा. पण खुर्चीचा आणि वकिलाचा चेहरा कशाला झाकता? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये थेट प्रक्षेपण मान्य केलं. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाचं काम लोकांनी मोबाईलवर बघितलं, १० टक्के आर्थिक आरक्षणाची सुनावणीसुद्धा. आभाळ कोसळलं? वरच्या कोर्टात चालतं ते खालच्या कोर्टात का चालत नाही? आमची माणसं तर खालीच चिरडली जातात.

आणि चॅनलवाल्यांना सांगून ठेवतो : अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून जाहिरातीत विकायला हे आम्ही मागत नाही. आम्हाला पूर्ण, न कापलेलं चित्रण पाहिजे. त्याची प्रत पीडिताला फुकट पाहिजे. चित्रण झालं नाही तर का झालं नाही, ते लेखी पाहिजे.

तेव्हा पोरांनो, वस्तीतली अ‍ॅट्रॉसिटीची केस कोर्टात उभी राहिली की पहिल्याच तारखेला अर्ज टाका. कलम १५-अ, पोटकलम १०. पाठ करा.